अंमळनेरच्या तेलाचा पैसा

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनींचे पत्र आम्हांस आले. त्यांचे चिरंजीव संगणकाच्या व्यवसायात असून परदेशी स्थायिक आहेत. दोघा मित्रांसह त्यांनी काढलेली एक लहानशी कंपनी नुकतीच एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि त्यायोगे घरात एकाएकी एवढे द्रव्य आले की, बाईंच्याच शब्दांत सांगावयाचे तर, आकडा पाहून आनंद होण्याऐवजी छातीत धडधड होते. त्यातील काही भाग गावी एखाद्या सत्कार्यात घालावा असे मुलाच्या मनात आहे. यावर घरात तीन मते पडली. थोरले दीर म्हणतात, ग्रामदैवताच्या सभामंडपाचे काम अडले आहे ते पुरे करावे. जाऊबाई म्हणतात, मामंजींच्या नावे शाळेस एक इमारत बांधून द्यावी आणि दारावर संगमरवरी पाटी बसवावी. मुलगा म्हणतो, शाळेला पन्नास संगणक दिले म्हणजे काम झाले. 'आपण सारा जन्म शाळेत घालविलात, तेव्हा निर्णय आपणच द्यावा,' असा बाईंचा आग्रह आहे.

दुसऱ्याच्या पैशाचा निर्णय देण्याइतके सोपे काम दुसरे नाही, म्हणूनच ते आम्ही करीत नाही. परंतु हे पत्र वाचताना आम्हांस एका गृहस्थांची हकीकत वारंवार आठवत राहिली. या गृहस्थांनीही संगणकाच्या धंद्यात अपार पैसा मिळविला, तो शाळांकरिता द्यावयाचे ठरविले, आणि आरंभी त्यांनीही शाळांना संगणकच दिले. पुढे काय झाले ते सांगण्याजोगे आहे. शिवाय या कथेचा आरंभ आपल्याच मुलखात, खानदेशात होतो.

बोरी नदीच्या काठचे अंमळनेर हे गाव आमच्या वाचकांस नावाने तरी ठाऊक असेलच. सखाराम महाराजांचे अंमळनेर, साने गुरुजींनी जेथे १९२४ पासून सहा वर्षे शिक्षकाचे काम केले ते अंमळनेर, आणि २०२४ साली जेथे साहित्यसंमेलन भरले तेही हेच. या गावावर श्रीमंत प्रताप शेठजींचे ऋण मोठे आहे. कापडाची गिरणी काढून मिळविलेला पैसा त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरास दिला. पुढे शाळेस दिला आणि महाविद्यालयासही दिला. गिरणीवाल्याने वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, ही गोष्ट आजही आम्हांस नवलाची वाटते.

ज्या १९४५ साली अंमळनेरात प्रताप महाविद्यालय सुरू झाले, त्याच सालच्या अखेरीस तेथल्या एका तेलाच्या कारखान्यासाठी मुंबईत एक कंपनी नोंदविली गेली. तिचे नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' आणि चालक महंमद हाशम प्रेमजी. हे कच्छी वळणाचे मुंबईकर व्यापारी, पूर्वी तांदळाच्या घाऊक व्यापारात नावाजलेले. फाळणीच्या वेळी जीनांनी त्यांस पाकिस्तानात येण्याचे आमंत्रण दिले आणि त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. अंमळनेरास त्यांनी भुईमुगाच्या तेलाचे वनस्पती तूप करावयास आरंभ केला. पातळ तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला म्हणजे ते थिजून तुपासारखे घट्ट होते, एवढेच त्यातले रहस्य. 'सनफ्लॉवर' या नावाने ते तूप विकले जाई, आणि जोडीला '७८७' नावाचा धुण्याचा साबण निघे. आमच्या मातोश्री वनस्पती तुपास घरात येऊ देत, पण ते चकल्यांच्या कढईपुरतेच. नैवेद्याच्या पानाकडे त्याला वाट नव्हती. देवास आणि जावयास साजूकच, असा त्यांचा दंडक होता. असो.

कंपनी निघाली त्याच साली जन्मलेला त्यांचा मुलगा अझीम हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत-अभियांत्रिकी शिकत होता. १९६६ साली वडील अकस्मात वारल्याची बातमी गेली आणि एकवीस वर्षांचा हा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून परत आला. (पदवीचे उरलेले विषय त्यांनी तीसेक वर्षांनंतर पुरे केले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट कोट्यवधींच्या आकड्यांहून कमी नव्हे.) त्यानंतरच्या भागधारकांच्या सभेत एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी भर सभेत सांगितले की, एवढ्या पोरवयात हा कारखाना तुमच्याने चालावयाचा नाही, तरी आपले भाग विकून मोकळे व्हा. हा प्रसंग प्रेमजींनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला आहे, आणि त्या बोलण्यानेच आपण इरेस पेटलो असेही ते म्हणत. अशा माणसांचा उपकार इतिहासात कोठे नोंदला जात नाही!

पुढला भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण धंद्याच्या भरभराटीच्या कथा एकासारख्या एक असतात. १९७७ साली दिल्लीत जनता सरकार आले. परकीय कंपन्यांनी आपली मालकी कमी करावी या कायद्याचा आग्रह धरला गेला आणि आय. बी. एम. ही संगणकांची बलाढ्य अमेरिकन कंपनी देश सोडून गेली. रिकाम्या झालेल्या या जागेत ज्या थोड्या देशी मंडळींनी पाऊल टाकले, त्यांत हा तेल-साबणवाला होता. कंपनीच्या लांबलचक नावातील अक्षरे वेचून 'विप्रो' हे सुटसुटीत नाव केले गेले, आणि १९८० नंतर तिचे संगणक तयार होऊ लागले. पुढे संगणकाच्या यंत्रांपेक्षा त्यांतील आज्ञावली लिहिण्याच्या कामास परदेशांतून मागणी आली आणि त्या पुरावर कंपनी आकाशास टेकली. २००० साली तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात गेले. आज आपल्या घराघरांतील मुले ज्या धंद्यात आहेत, तो धंदा ज्या चार-पाच कंपन्यांनी उभा केला त्यांतील ही एक.

अंमळनेरचा विसर मात्र पडता कामा नये. कारखाना तेथला, तेव्हा तेथील अनेक घरांनी सुरुवातीच्या काळात त्याचे थोडेथोडे भाग घेतले होते. कोणी ते ट्रंकेच्या तळाशी ठेवून विसरले, कोणी शेजाऱ्याच्या भिडेखातर घेतले आणि विकावयाचे राहून गेले. लाभांशादाखल मिळालेल्या नव्या भागांची त्यांत भर पडत गेली आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या कागदांची किंमत लाखांत व कोटींत गेली. एका तालुक्याच्या गावी इतके कोट्यधीश कसे, असा प्रश्न वृत्तपत्रांस पडे, त्याचे उत्तर हे.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

सन २००० च्या सुमारास प्रेमजींनी आपल्या नावाचा न्यास स्थापिला. शिक्षण, आणि तेही सरकारी प्राथमिक शाळांतील, हा विषय त्यांनी निवडला. त्यांच्या मातोश्री डॉक्टर होत्या आणि पोलिओने पंगू झालेल्या मुलांसाठीच्या मुंबईतील रुग्णालयाच्या कामास त्यांनी आपले आयुष्य वाहिले होते. द्रव्यवानाने स्वतःस त्या द्रव्याचा विश्वस्त समजावे, या गांधीजींच्या विचाराचा आणि आपल्या मातोश्रींच्या उदाहरणाचा उल्लेख प्रेमजींनी एकत्रच केला आहे. महात्माजींनी हा विश्वस्ताचा विचार ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राशी जोडला होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एका मुसलमान कारखानदारापर्यंत तो विचार त्या वाटेने पोहोचला, याची मौज वाटते आणि समाधानही वाटते.

न्यासाने प्रथम काय केले? संगणकवाल्याने जे करावे तेच केले. गोष्टी, खेळ आणि चित्रे यांच्या द्वारे पाठ शिकविणाऱ्या तबकड्या तयार करविल्या, त्या अनेक भाषांत काढल्या, आणि हजारो सरकारी शाळांत त्या संगणकावर दाखविल्या जाऊ लागल्या. हेतू उत्तम होता, पैशास तोटा नव्हता आणि यंत्रे चालविणारी माणसेही हुशार होती. काही वर्षे हा प्रयोग चालला. मग न्यासाच्या मंडळींनी आपणच आपली परीक्षा घेतली आणि जे आढळले ते न लपविता मांडले. मुलांस तबकड्यांची गंमत वाटे, पण शिक्षक जेथल्या तेथे होता, आणि शिक्षक जेथल्या तेथे असेल तर मूलही पुढे जात नाही. शिक्षणाचा प्रश्न यंत्राने सुटत नाही, असे न्यासाच्या चालकांनी पुढे स्पष्टपणे लिहिले आणि तो कार्यक्रम गुंडाळला.

वाचकहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. ज्या माणसाची सारी संपत्ती संगणकातून आली, त्याने शाळेत संगणक नको, शिक्षक हवा असे कबूल करणे ही गोष्ट साधी नाही. वैद्याने आपलेच औषध बंद करावे, तशातली ही गोष्ट आहे. आमच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही वरून आलेल्या योजना कितीतरी पाहिल्या. खोकी आली, फळे आले, दूरदर्शन संच आले, शेवटी संगणकही आले, आणि त्यांतील बहुतेकांवर पहिल्या पावसाळ्यानंतर पोती झाकावी लागली. 'आमची योजना चुकली' असे म्हणणारा एकही योजक मात्र आम्हांस भेटला नाही.

यानंतर न्यासाने शिक्षकाची वाट धरली. वाट लांबची आणि दिसण्यात अगदी अनाकर्षक. कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश इत्यादी राज्यांतील मागासलेल्या जिल्ह्यांत न्यासाने आपली माणसे कायमची नेऊन बसविली. ही माणसे दौऱ्यावर येऊन परत जाणारी नव्हेत, ती तेथेच राहतात, शाळांत जातात आणि शिक्षकांबरोबर बसतात. तालुक्याच्या ठिकाणी एखादी खोली घेऊन तेथे पुस्तके, नकाशे, मोजमापाची साधने ठेवितात. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी ज्यास यावेसे वाटेल त्या शिक्षकाने तेथे यावे आणि आपला विषय नीट समजून घ्यावा. काही ठिकाणी न्यासाने स्वतःच्याही शाळा काढल्या आहेत, परंतु त्या मोजक्या. सरकारी शाळेवर होतो तेवढ्याच खर्चात चांगले शिकविता येते की नाही, हे पाहणे हा त्यांचा हेतू. २०१० साली कर्नाटकाच्या विधिमंडळाने कायदा करून न्यासाच्या विद्यापीठास मान्यता दिली, आणि पुढल्या वर्षी बंगळुरात त्याचे वर्ग सुरू झाले. या क्षेत्रात कामाची माणसे हवीत तर ती आधी तयार करावयास हवीत, हा त्यामागचा विचार.

आता आकडे. २०१० च्या डिसेंबरात प्रेमजींनी आपल्या कंपनीचे सुमारे ८,८४६ कोटी रुपये किमतीचे भाग न्यासाकडे वर्ग केले. २०१३ साली जगातील धनाढ्यांनी आपली निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याची जी जाहीर प्रतिज्ञा आहे, तिच्यावर सही करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१९ च्या मार्चात त्यांनी आणखी ५२,७५० कोटींचे दान जाहीर केले, आणि न्यासाकडील एकूण ठेव सुमारे १,४५,००० कोटींची झाली. त्याच वर्षी जुलै अखेर ते कंपनीच्या कारभारातून निवृत्त झाले. पुढे एका यादीत २०२०-२१ या वर्षातील त्यांच्या दानाचा आकडा ९,७१३ कोटी असा आला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास ३६५ ने भागून 'दररोज २७ कोटी' असा मथळा केला. भागाकार बरोबर आहे. दानाची कल्पना मात्र अशा भागाकाराने येत नाही.

ही देणगी कशी दिली आहे, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण 'एवढे पैसे दिले म्हणजे थैल्या भरून पाठविले काय?' असे आमच्या वहिनींनी विचारले आणि तो प्रश्न अगदी रास्त होता. समजा, एखाद्याचा आंब्याचा बाग आहे. त्याने बागेची राखण आणि देखरेख आपल्याकडे ठेविली, पण दर तीन आंब्यांतले दोन कायमचे देवळास लिहून दिले, आणि ते लिखाण कोणास फिरविता येणार नाही असे केले. येथे झाले ते असेच. कंपनीच्या कारभारात मत देण्याचा अधिकार प्रेमजींच्या घराण्याकडे राहिला, परंतु कंपनीच्या सुमारे ६७ टक्के भागांवरचा लाभांश आणि ते विकल्यास येणारे पैसे न्यासाचे झाले. कंपनी चालेल तोवर फळ येत राहील, आणि ती बुडाली तर दानही आटेल. पैसा एकदाच मोजून देऊन मोकळे होण्यापेक्षा यात देणाऱ्याची जबाबदारी अधिक काळ टिकते, असे आम्हांस वाटते. सत्ता मात्र घराण्याकडेच राहिली, हेही नजरेआड करू नये.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत जे सात्त्विक, ते परतफेड करू न शकणाऱ्यास, देश, काल आणि पात्र पाहून द्यावयाचे. आमच्या घरी यावर वाद झाला. पुण्यास एका संगणक-कंपनीत असलेला आमचा पुतण्या म्हणाला, 'काका, एवढे मिळाल्यावर देणे सोपे आहे. मला महिनाअखेर घराचा हप्ता देणे कठीण जाते, आणि तुम्ही दानाचे सांगता!' त्याचे बोलणे आम्हांस सर्वस्वी खोटे म्हणवले नाही. ज्याच्यापाशी एक भाकरी आहे त्याने अर्धी देणे आणि ज्याच्यापाशी कोठार आहे त्याने पोती देणे, यांची तुलना होत नाही. त्यास आम्ही रघुवंशातील पाचव्या सर्गाची आठवण दिली. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला रघु, मातीचे पात्र घेऊन सामोरा आलेला, आणि गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागावयास आलेला कौत्स. रातोरात कोशात सुवर्ण पडले, तेव्हा राजा म्हणे सगळे ने, आणि कौत्स म्हणे गुरूस द्यावयाचे तेवढेच पुरे, अधिक नको. लोक रघूच्या दातृत्वाची वाखाणणी करतात. आम्हांस मात्र वर्गात शिकविताना नेहमी कौत्सच अधिक आवडे, कारण गरजेपुरते घेऊन उरलेले नाकारणारा याचक दात्याहून दुर्मीळ. पुतण्या हसून म्हणाला, 'आमच्या कंपनीत असा कौत्स कोणी नाही.'

प्रेमजींच्या साधेपणाच्या गोष्टी पुष्कळ प्रसिद्ध आहेत. विमानात स्वस्त वर्गाने प्रवास, साधी मोटार, कचेरीत दिवे मालविले की नाहीत यावर नजर. आम्हांस या गोष्टींचे फारसे कौतुक वाटत नाही. मध्यमवर्गीय घरांत हे सारे आपण रोज करतो आणि त्याबद्दल कोणी आपले छायाचित्र छापीत नाही. श्रीमंताने दिवा मालविला म्हणजे सद्गुण आणि शिक्षकाने मालविला म्हणजे कंजूषपणा, हा न्याय आम्हांस कधी कळला नाही.

याहून गंभीर शंका दुसरी आहे. शाळा चालविणे हे सरकारचे कर्तव्य, आपण सारे कर त्यासाठीच देतो. तेथे एका धनिकाच्या औदार्यावर लाखो मुलांचे भवितव्य अवलंबून राहावे हे कितपत योग्य? कर्नाटकातील अंड्यांची गोष्ट घ्या. सरकारी शाळांतील मुलांस मध्यान्हीच्या जेवणात सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडे देत असे. २०२४ साली न्यासाने उरलेल्या चार दिवसांचा भार घेतला, तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांचा. अंडे न खाणाऱ्या मुलास केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की मिळते. हे आम्ही घरी वाचून दाखविले तेव्हा स्वयंपाकघरात शांतता पसरली. आमच्या घरी अंडे अद्यापि उंबऱ्याच्या आत आलेले नाही. निदान आमच्या देखत तरी नाही. थोड्या वेळाने वहिनीच म्हणाल्या, 'ज्यांच्या घरी चालते त्या लेकरांनी खावे, त्यात आपले काय जाते? आपल्याला केळे ठेवले आहे ना!' त्यांच्या या बोलण्यावर आम्ही काही बोललो नाही. पूर्वी त्या राज्यात अंड्यांवरून मठाधिपतींनी विरोधही केला होता. परंतु अंडी मिळणाऱ्या यादगीर जिल्ह्यातील मुलांची, ती न मिळणाऱ्या गदगच्या मुलांशी तुलना केली, तेव्हा यादगीरच्या मुलांचे वजन अधिक वाढलेले आढळले, हेही तितकेच खरे. शंका उरते ती एवढीच की, तीन वर्षांनी काय? न्यासाने हात काढला तर सरकार ते चार दिवस आपल्या अंगावर घेईल काय? दाता भला असला तरी घेणाऱ्यास आपले कर्तव्य विसरण्याची सवय लागू शकते.

या यादगीरचे नाव दुसऱ्या एका कारणाने आमच्या मनात घर करून आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गाणगापुरास दत्तदर्शनास गेलो होतो. परतण्यापूर्वी वाडीवरून पुढे यादगीरास आमच्या मावसबहिणीच्या घरी दोन दिवस राहिलो. तिच्या शेजारी एक तरुण शिक्षक राहतात, शोरापूरच्या बाजूस एका सरकारी शाळेत नोकरीस. शोरापूर भागात या न्यासाने वीस वर्षांपूर्वी काम सुरू केले होते. रविवारी सकाळी हे गृहस्थ पिशवी घेऊन निघाले, तेव्हा बाजारास चालले असावेत असे आम्हांस वाटले. ते न्यासाच्या केंद्रात चालले होते. त्यांची हिंदी मोडकी, आमची त्याहून मोडकी, बहिणीने कानडीचे मराठी करून सांगितले. प्रवासभत्ता मिळतो काय? नाही. सक्ती आहे काय? नाही. मग कशास जाता? ते म्हणाले, अपूर्णांकांचा भागाकार शिकावयास.

आम्हांस प्रथम हसू आले. अपूर्णांकांचा भागाकार हा का शिकावयाचा विषय! दुसरा अपूर्णांक उलटवावा आणि गुणावे. पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही तोंडपाठ करून वाढलो, आणि चौतीस वर्षे हाच नियम फळ्यावर लिहिला. आमच्याही वेळी शिक्षकांची शिबिरे भरत. हजेरीपटावर सही करावी, चहा घ्यावा, कोणा अधिकाऱ्याचे भाषण ऐकावे, दुपारी भत्त्याच्या रांगेत उभे राहावे आणि सायंकाळची एस.टी. गाठावी. त्या शिबिरांत आम्हांस कोणी अपूर्णांकांविषयी काही विचारले नाही, आणि आम्हीही कोणास विचारले नाही.

त्या शिक्षकांनी आमच्या हसण्याचा राग मानला नाही. बहिणीच्या टोपल्यातील ज्वारीची एक भाकरी मागून घेतली आणि आम्हांस विचारले, 'उलटवून का गुणावयाचे?' आम्ही म्हणालो, नियम आहे. ते म्हणाले, 'एका भाकरीत पाव भाकरी किती वेळा मावते?' चार वेळा. 'मग अर्ध्या भाकरीत?' त्याच्या निम्मे, दोन वेळा. 'म्हणजे पावाने भागणे म्हणजे चाराने गुणणे झाले की नाही?' असे म्हणून त्यांनी भाकरीचे तुकडे ताटात मांडले. हे एवढेच होते. आम्ही त्या ताटाकडे बराच वेळ पाहत राहिलो. कालिदासाचा एकेक शब्द आम्ही विग्रहासह सोडविला, धातू आणि प्रत्यय वेगळे केल्यावाचून पुढे गेलो नाही, आणि गणिताच्या तासास मात्र हजारो मुलांस एक अर्थशून्य मंत्र पाठ करविला. त्यांतील कित्येक मुले गणितात नापास होऊन शाळा सोडून गेली. त्यांस आम्ही मंदबुद्धी म्हटले होते.

घरी परतल्यावर आमच्या सहावीतील नातीस आम्ही सहज विचारले, अर्ध्यास पावाने कसे भागावे? ती म्हणाली, 'उलटवायचे आणि गुणायचे, आजोबा.' का उलटवायचे? ती गोंधळून म्हणाली, 'तुम्हीच तर सुटीत तसे शिकवलेत.'

वाचकभगिनींच्या पत्राचे उत्तर त्याच रात्री लिहून काढले. सभामंडप, इमारत आणि पन्नास संगणक यांविषयी त्यात काही लिहिले नाही. एवढेच विचारले की, आपल्या गावच्या शाळेत शिक्षक किती आहेत, त्यांतील कितीजण गावातच राहतात, आणि रविवारी एकत्र बसावयास त्यांस कोठे जागा आहे काय. उत्तर अद्याप आलेले नाही.